डावा गाल उचलण्याच्या तीन रीती

वसतिगृहात मी जेवायला शेवटी बसायचे. मुली उठून हात धुवायला गेल्या की मी ताट घेऊन कोपऱ्यातल्या जागी जायचे आणि भिंतीकडं तोंड करून बसायचे. पहिल्या वर्षी स्वयंपाकाच्या मावशींना वाटलं, माझं काही व्रत असेल. नंतर त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण दुसऱ्या वर्षापासून त्या माझ्या भाकरीवर एक ताट झाकून ठेवायला लागल्या. विचारलं मात्र कधी नाही.

माझ्या तोंडाची डावी बाजू पडलेली होती. गाल सैल, ओठाचा कोपरा खाली ओघळलेला, डोळा पूर्ण मिटत नसलेला. आमटी, ताक, पाणी, जे पातळ असेल ते त्या कोपऱ्यातून हनुवटीवर यायचं. येतंय हे कळायचं, पण थांबवता यायचं नाही. म्हणून भिंत बरी.

हे मोठ्या दुष्काळातलं, मी लहान असताना. वडील त्याआधीच गेले होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि मी तिच्याबरोबर. तिथं वाटलेली सुकडी खायची, दगडांच्या सावलीला बसायचं. त्या धुळीत माझा डावा कान वाहायला लागला. बायांनी सांगितलं तसं आईनं लसूण तळलेलं तेल घातलं, बोळे घातले. कान वाहतोच असतो पोरांचा, असं सगळ्याच म्हणायच्या. ताप चढून मी बरळायला लागले तेव्हा मामांनी उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं. रोग कानामागच्या हाडात उतरला होता. ऑपरेशन झालं आणि जीव वाचला. चेहऱ्याची नस मात्र रोगानं आधीच खाल्लेली होती, असं पुढं कळलं. त्या वेळी मला इतकंच कळलं की शुद्धीवर आल्यावर मी आईकडं बघून हसले आणि आईनं तोंड फिरवलं.

घरी आल्यावर तिनं आपल्या जुन्या लुगड्याचं एक फडकं फाडून दिलं. ते डोक्यावरून घ्यायचं आणि त्याचं टोक डाव्या दाढेत धरायचं, म्हणजे ती बाजू झाकते. आमच्याकडं बाया ऊस तोडताना, वाऱ्यातून चालताना, वडीलधाऱ्या माणसासमोरून जाताना पदर दातात धरतातच. त्यामुळं ते कुणाला वेगळं वाटलं नाही. मी मोठी झाले, साडी नेसायला लागले, आणि फडक्याच्या जागी पदर आला. माझ्या प्रत्येक पातळाच्या पदराचं एक टोक कुरतडल्यासारखं झालेलं असायचं. आई ते दुमडून शिवायची आणि म्हणायची, "उंदरं लई झालीत आपल्या घरात."

कॉलेज उस्मानाबादला. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि मुलगी, त्यामुळं शिकायचं तर नीट शिकायचं हे मी मनाशी धरलेलं होतं. पण वर्गात सरांनी काही विचारलं तर पदर दातात धरून उत्तर देता येत नाही, आणि पदर सोडला की प, ब, म ही अक्षरं तोंडातून निसटतात. हळूहळू सरांनी माझ्याकडं बघून विचारणं सोडलं. त्यांनी ते चांगुलपणानंच केलं असणार. मुलींनीही कधी चिडवलं नाही. चिडवलं असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर मामा वसतिगृहावर आले. ते येरमाळ्याला दवाखान्यात शिपाई होते आणि येताना स्टँडवरचे फुटाणे घेऊन यायचे, मी खात नाही हे माहीत असूनही. फाटकाशी उभे राहूनच म्हणाले, "पुण्याचे डॉक्टर आले होते शिबिराला. म्या तुझं सांगितलं. घेऊन या म्हनले. तोंड उचलत्यात म्हनं."

"उचलतात म्हणजे?"

"सिनेमातल्या बाया म्हातारपनी करून घेत्यात बग, तसलं. वर वढून शिवत्यात."

मला हसू आलं. हसू आलं की माझा हात आपोआप डाव्या गालावर जायचा. मामांनी नेहमीसारखं दुसरीकडं बघितलं.

येडशीहून बारक्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून मोठ्या गाडीनं पुणं. सगळ्या वाटेनं मामा मला इस्पितळात कसं वागायचं ते सांगत होते. शिपाई असल्यामुळं सगळी इस्पितळं त्यांना आपलीच वाटायची.

डॉक्टर पन्नाशीचे असतील. बोलणं हळू. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "पदर सोड, बाळ." परक्या माणसासमोर पदर सोडायचा म्हणजे मला अंगावरचं काढून ठेवल्यासारखं झालं. त्यांनी चेहरा दोन्ही बाजूंनी बघितला, डोळे मिटायला लावले, गाल फुगवायला, शीळ घालायला लावली. मग म्हणाले, "हस."

उजवी बाजू हसली.

त्यानंतर त्यांनी जे समजावून सांगितलं तसं मला त्याआधी कुणीच काही समजावून सांगितलं नव्हतं. तपासणीच्या टेबलावर गादी होती, तिच्यावर जाड मेणकापड आणि वर चादर. त्यांनी नुसती चादर एका कडेनं ओढली. सुरकुती गेली. "श्रीमंत बायका चेहरा तरुण दिसावा म्हणून करून घेतात ती ही जुनी रीत. कानापुढून चीर द्यायची, कातडी सोडवायची, वर आणि मागं ओढायची, जादा होईल ती कापून शिवायचं. सोपं असतं, आठ-दहा दिवसांत घरी. पण कातडी ताणते. वर्ष-दोन वर्षांत पुन्हा सैल पडते. फार ओढली तर व्रण रुंद होतो आणि कानाची पाळीही खाली ओढली जाते."

मग त्यांनी चादर आणि खालचं मेणकापड दोन्ही मिळून पकडली आणि ओढली. "ही नवी रीत. कातडीच्या खाली एक चिवट थर असतो. ओढ त्याला द्यायची, टाके त्याला घालायचे, कातडी वरून नुसती पसरायची. ती जास्त टिकते. यात डॉक्टरला भीती असते ती चेहऱ्याच्या नसेची, कारण ती त्या थराच्या लगेच खालून जाते." मग म्हणाले, "तुझ्या या बाजूला ती भीती नाही."

त्यांनी ते दिलासा द्यायला म्हटलं होतं. मला मात्र तेव्हा प्रथमच समजलं की त्या बाजूला आता काही बिघडण्यासारखं उरलेलंच नाही.

पण ओघळलेला ओठ नुसत्या ओढीनं वर राहत नाही, असंही ते म्हणाले. त्यासाठी या रीतीबरोबरच मांडीतल्या स्नायूवरच्या पांढऱ्या आवरणाची लांब पट्टी काढायची, तिचं एक टोक ओठाच्या कोपऱ्यात आणि दुसरं वर कानशिलाशी बांधायचं. कायमचं टांगून ठेवायचं. पाणी ओघळायचं बरंच थांबतं, चेहरा सरळ दिसतो. फक्त हलत नाही.

"आणि हलायचा असेल तर?" मी विचारलं. माझा आवाज मलाच नवा वाटला.

"हलायचा असेल तर तिसरी रीत आहे. पण ती तुला जमेल असं वाटत नाही." त्यांनी माझ्या कानशिलावर बोटं ठेवली. "इथं चावायचा एक स्नायू असतो. त्याची नस वेगळी, ती तुझी शाबूत आहे. त्यातला एक पट्टा सोडवून, वळवून, खाली ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आणायचा. मग दात दाबले की ओठ वर जातो. पण तुझ्यासारखी माणसं वर्षानुवर्षं चांगल्या बाजूनंच चावतात, म्हणून या बाजूचा स्नायू वाळून जातो. दाब बघू दात."

मी दात दाबले.

त्यांची बोटं तिथंच राहिली. "पुन्हा." मी पुन्हा दाबले. त्यांनी उजवीकडं बोटं ठेवून बघितली, परत डावीकडं आणली. "उजव्यापेक्षा हा जोरदार आहे. या बाजूनं जेवतेस?"

"नाही. या बाजूला घास अडकतो."

"मग काय चावतेस?"

मामाच म्हणाले, "पदर, साहेब. बारकी हुती तवापासून. लुगड्यावर लुगडी खाल्ल्यात हिनं."

मी पदराचं टोक पुढं केलं. शिवलेलं, पुन्हा कुरतडलेलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते टोक हातात घेऊन जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "तिसरी रीतही चालेल तर." मग सांगितलं की त्या रीतीत कानशिलावर खळगा पडतो, गालाच्या हाडावर थोडा उंचवटा राहतो, स्वस्थ बसलेलं असताना चेहरा दुसऱ्या रीतीइतका सरळ दिसत नाही. दीड महिना काही चावायचं नाही. नंतर आरशासमोर बसून शिकावं लागतं, आणि काहींना ते शेवटपर्यंत साधत नाही. "दुसरी की तिसरी, हे तू ठरव. दिवाळीनंतर ये. घाई नाही."

दाखवताना त्यांनी जांभळ्या शाईनं माझ्या गालावर रेघा काढल्या होत्या. कानशिलापासून कानापुढून खाली पाळीला वळसा घालून एक, आणि ओठाच्या कोपऱ्यातून वर जाणारी एक. त्या लगेच निघाल्या नाहीत. परतीच्या गाडीत मी पदर घट्ट धरून बसले होते. पलीकडच्या बाकावरच्या म्हातारीनं मामांना विचारलं, "पोरीला गोंदलंय का गालावर?" मामा म्हणाले, "व्हय, मावशी, पुन्यात नवी पद्धत निघालीय."

ढोकीजवळच्या आमच्या वस्तीवर मामांनी आईला सगळं सांगितलं, त्यांच्या भाषेत. "आक्के, तीन रीती हायत. बाज ढिली झाली की आपन दोरी ताणून आवळतो का न्हाय, तशी एक. ती पुन्हा ढिली व्हती. दुसरीत आतनंबी आवळायचं आन वरनं दोर बांधून ठेवायचा, म्हंजी खाली येत न्हाय. तिसरीत दुसऱ्या कामाचा बैल सोडून आपल्या गाडीला जुंपायचा."

"बैल कुठला?"

"हितला." मामांनी आपल्या कानशिलावर बोट ठेवलं.

आईनं माझ्या कानशिलाकडं बघितलं. मग तिनं हळूच विचारलं, "डोक्यातलं काढल्यावं हिनं वाचलेलं ऱ्हाईल का?"

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी आईला सांगितलं की ते मांस हाडाच्या बाहेरचं असतं, वाचलेलं हाडाच्या आत असतं. तिला ते पटलं की नाही कळलं नाही.

मामांचं मत दुसऱ्या रीतीला होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "बघायला येत्यात ती मानसं अर्ध्या तासाच्या वर बसत न्हाईत. तू खाली मान घालून बसनार. पोहे त्यांनी खायचे, तू न्हाय. सरळ चेहरा पायजे, बस. फोटोत बैल दिसत न्हाय, खळगा दिसतो."

त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या वयाच्या वस्तीतल्या सगळ्या मुली नांदायला गेल्या होत्या. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. तुला नीट जेवता यावं, येवढंच." मला वाटलं, तिनं प्रश्न माझ्यावरच ढकलला.

मी वसतिगृहावर परत आले. आतापर्यंत कुठलाही प्रश्न आला की अभ्यास केला की सुटतो, असा माझा विश्वास होता. मी ग्रंथालयात गेले. आमच्या कला शाखेच्या कपाटात काही नव्हतं. विज्ञानाच्या कपाटात एका इंग्रजी पुस्तकात कातडी काढलेल्या चेहऱ्याचं चित्र सापडलं. लाल पट्टे, पांढरे दोर. शब्दकोश घेऊन मी त्यातली नावं वाचली, पण कुठला पट्टा निवडावा हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

विचारायचं तरी कुणाला? खोलीतल्या मैत्रिणीला, म्हणजे खोलीत बरोबर राहणाऱ्या मुलीला, मी एकदा म्हणाले, "मला एक ठरवायचंय." ती म्हणाली, "सांग ना." मी तिच्या साडीच्या रंगाबद्दल काहीतरी बोलले. तिलाही सुटल्यासारखं झालं असावं.

मग एका रविवारी, सगळ्या मुली बाजारात गेल्या असताना, मी या रीती स्वतःवर करून बघायचं ठरवलं. दुकानातून चिकटपट्टी आणली होती. आरसा खिडकीत टेकवला. गालाची कातडी कानाकडं ओढून पट्टी लावली. खरंच गाल वर आला. आरशातली मुलगी मला ओळखीची वाटली नाही, पण बरी वाटली. पाणी पिऊन बघितलं, ओघळलंच. थोड्या वेळानं घामानं पट्टी सुटली आणि गाल पुन्हा आपल्या जागी येऊन बसला. डॉक्टर ज्याला वर्ष-दोन वर्षं म्हणाले होते ते मी एका दुपारी बघितलं.

दुसऱ्या रीतीसाठी ओठाच्या कोपऱ्यावर पट्टीचा तुकडा चिकटवला, त्यात दोरा ओवला आणि तो वर नेऊन अंबाड्याला घट्ट बांधला. या वेळी पाणी प्यायले तर एक थेंब फक्त. मी पुन्हा प्यायले. तांब्यातलं सगळं पाणी घोट घोट करून संपवलं, तहान नसताना. चेहरा सरळ होता. मी हलले नाही तर तो कुठल्याही मुलीचा चेहरा होता. मामा म्हणत होते तो हाच. अशी मी पाटावर अर्धा तास बसू शकले असते, आणि फोटोत तर कायमची.

तेवढ्यात मुली बाजारातून परत आल्या. शेजारच्या खोलीत कुणीतरी बांगडीवाल्याची नक्कल केली. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला "ताई, हात लोण्यासारखा हाय तुमचा" म्हणायचा. तिनं ते अगदी त्याच्या आवाजात म्हटलं आणि सगळ्या खदखदून हसल्या. भिंतीअलीकडं मीही हसले, आणि हसताना माझी नजर आरशात गेली. उजवी बाजू वर गेली होती. डावी, दोऱ्यानं बांधलेली, होती तिथंच होती, सरळ आणि शांत. पूर्वी माझा अर्धा चेहरा आजारी दिसायचा. आता त्या अर्ध्या चेहऱ्याला हसण्यात भागच घ्यायचा नाही, असं दिसत होतं. शेजारच्या खोलीतल्या हसण्यात ज्याला जायचंच नाही असं कुणीतरी माझ्या तोंडात राहायला आलेलं.

मी दोरा कापला.

तिसरी रीत घरी करून बघता येण्यासारखी नव्हती. मी नुसते दात दाबून कानशिलावर बोटं ठेवली. आत काहीतरी टणक होऊन वर यायचं, सैल व्हायचं, पुन्हा वर यायचं. इतकी वर्षं मी तोंड झाकण्यासाठी जे केलं होतं त्यानं ते वाढलं होतं. मी बराच वेळ तसं करत राहिले.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी विचारलं, "ठरलं?"

"तिसरी," मी म्हणाले.

मामा म्हणाले, "आगं, पुन्हा इचार कर. साहेब, पोर लहान हाय, हिला काय—"

"तिसरीच, मामा. तुम्ही रागावू नका."

मामा मग डॉक्टरांना म्हणाले, "बैल तर बैल. जुंपा."

ऑपरेशनच्या वेळी ते थांबले आणि मग नोकरीवर परत गेले. आई येऊ शकली नाही, ती आता ऊस तोडायला जायची, कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता आणि तोडणीच्या टोळीतून निघालं की जागा जाते. वॉर्डात माझं डोकं आणि अर्धा चेहरा पट्ट्यांनी बांधलेला. बोलायचं नाही, चावायचं नाही. नळीनं पेज प्यायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडं संध्याकाळी डबा घेऊन घरचे यायचे, खाटेभोवती दाटीवाटीनं बसायचे आणि जाताना मलाही "येतो हं" म्हणायचे. मी मान हलवायचे. त्या दिवसांत मला कुणी म्हटलेलं वाक्य ते एवढंच.

पट्ट्या निघाल्या. ओठ वर आला होता, थोडा जास्तच. कानशिलावर खळगा होता आणि अर्धं डोकं भादरलेलं. दीड महिन्यानं डॉक्टरांनी आरसा हातात दिला आणि म्हणाले, "दाब दात." मी दाबले. काही झालं नाही. पुन्हा दाबले. डाव्या कोपऱ्यात काहीतरी हललं, कापडाखाली किडा हलावा तसं. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि बाहेर जाऊन नर्सला बोलावून आणलं, तिला दाखवायला.

वसतिगृहावर मी रोज आरशासमोर बसायचे. दोन्ही बाजू एकदम वर जायला हव्यात. उजवी बाजू आपोआप हसायची, डावीला सांगावं लागायचं. एकटी असताना जमायला लागलं. चारचौघींत मात्र असं व्हायचं की कुणी विनोद केला, तर आधी मला आठवायचं की दात दाबायचे आहेत, मग मी दाबायचे, आणि तोवर त्या दुसऱ्या विषयावर गेलेल्या असायच्या. माझं हसू सगळ्यांच्या मागून पोचायचं. एकदा एक मुलगी आजोबा वारल्याचं सांगत होती आणि मी आधीच्या गोष्टीवर हसत होते. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी पदर दातात धरला. पाणी ओघळणं थांबलं होतं तरी जेवायला मी शेवटीच बसायचे. भिंतीची सवय झाली होती.

सुट्टीत आईकडं गेले. टोळी ढोकीजवळच्या एका फडावर होती. उसाच्या पाचटाची कोपी, बाहेर तीन दगडांची चूल, वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा वास. त्या वर्षीही पाऊस कमी झालेला, आणि बाया टँकरच्या पाण्यासाठी घागरी रांगेत लावून कामावर जायच्या. आई तोडणीवरून आली, हात न धुताच माझ्याजवळ बसली आणि माझा चेहरा उजेडाकडं फिरवून बघायला लागली. खळग्यावरून बोट फिरवलं. "केस येत्यात की," म्हणाली.

मी वाटेत सगळी तयारी केली होती. आईसमोर पहिल्यांदा काय करायचं ते ठरलेलं होतं. मी तिच्याकडं बघितलं, दात दाबले, आणि उजवी बाजूही जाऊ दिली.

आईचा हात थांबला. "दुखतंय का?"

"नाही."

"मग दात का आवळतीस? राग आलाय का, म्या आले न्हाय म्हनून?"

"नाही, आय. राग कशाचा."

तिनं हात काढून घेतला. मी आणखी एकदा करून दाखवणार होते, पण धीर झाला नाही. आता तिला नीट समजावून सांगायचं म्हणजे डॉक्टरांसारखं चादर आणि मेणकापडापासून सुरुवात करावी लागली असती. ती चुलीकडं गेली. आमच्या दोघींत ती एवढी जागा, चूल आणि मधला धूर, मला फार मोठी वाटली. पुणं इतकं लांब वाटलं नव्हतं.

तिनं भाकरी केल्या. सकाळची एक शिळी होती, ती मी मागून घेतली, कारण ती तिच्या वाटणीला गेली असती. ताट घेऊन मी सवयीनं पाचटाच्या भिंतीकडं तोंड करून बसले.

"आता कशाला तिकडं?" आई म्हणाली. "इकडं तोंड कर."

मी वळले. शिळी भाकरी कडक होती, चटणीबरोबर जोर लावून चावावी लागत होती. दोन घास झाले असतील. आईनं आपला घास हातातच धरला होता आणि ती माझ्याकडं बघत होती.

"हसतीयास," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. प्रत्येक चावण्याबरोबर डावा कोपरा वर जात होता, खाली येत होता, पुन्हा वर जात होता. ते ऑपरेशनच तसं असतं, जेवतानाही ओठ हलतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही एक उणीव राहील. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, जेव. बोलू नगं."

मी जेवले. तिनं आपली भाकरी तशीच ठेवली होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट लिहिता येत नाही. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर मी हसले तेव्हा तिनं तोंड फिरवलं होतं, आता ती बघत होती. जे ती बघत होती ते माझं हसू नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं, आणि त्या फडावर ते सांगावं असं दुसरं कुणी नव्हतं.

भाकरी संपली. आई उठून माझ्यासमोर अगदी जवळ येऊन बसली आणि पदराच्या टोकाची गाठ सोडायला लागली. मामांनी येरमाळ्याहून आणून दिलेले फुटाणे त्यात बांधलेले होते, माझ्यासाठी ठेवलेले. तिनं ते माझ्या ओंजळीत ओतले.

"ह्ये बी खा," ती म्हणाली. "सावकाश खा."

मी एक फुटाणा उचलला आणि डाव्या दाढेखाली धरला.